वीस वर्षांची मारुती ८०० अंगणात सांभाळताना: आधी रबर आणि द्रव

जांभा_अंगण (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. एमपीएफआय इंजिनाची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल इंजेक्ट करणारी, ही गाडी वडिलांनी नवी घेतली आणि आजवर ती एकाच घरात राहिली. आम्ही चिपळूणला असतो आणि महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाटाने कराडला जाणे होते. गेल्या एप्रिलमध्ये घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडले. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला क्लिपच्या अगदी कडेला नखाएवढी चीर पडली होती आणि तिथून पाण्याची बारीक पिचकारी उडत होती. पाइप बदलून त्या दिवसाची अडचण सुटली, पण त्या पिचकारीचे पाणी विटकरी रंगाचे होते आणि तो रंग मनातून जाईना. पुढचे चार महिने सुटीच्या दिवशी अंगणात जे काम केले, ते इथे सविस्तर मांडतो, कारण कमी पैशांत जुनी गाडी चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातूनच जावे लागते.

एक गोष्ट मला या काळात पक्की कळली. वीस वर्षांच्या गाडीतले लोखंड बहुधा ठणठणीत असते. म्हातारे होते ते रबर, आणि खराब होतात ते द्रव. होज पाइप, बेल्ट, ब्रेकच्या वॉशर, सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सांध्यांचे) बूट, इंजिनाखालची माउंटिंग ही सगळी रबरे उष्णतेने आणि तेलाने कडक होऊन चिरतात. कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) गंजरोधक रसायने संपून जातात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि इंजिन ऑइल काळे पडते. यातली प्रत्येक वस्तू शेदोनशे ते हजार रुपयांच्या घरातली आहे. पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले की जे बिल येते ते हेड गॅस्केटचे, हेड घासून घेण्याचे, नाही तर इंजिन बांधण्याचे असते. म्हणून हाती पाच हजार रुपये असतील तर ते सीट कव्हर किंवा रंगावर घालण्याआधी रबर आणि द्रव यांवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, रेडिएटरच्या खालचा नळ उघडून सगळे पाणी पातेल्यात काढले. ते पाणी चहाच्या गाळासारखे होते. नंतर साधे पाणी भरायचे, हीटर पूर्ण उघडून इंजिन पंधरा मिनिटे चालवायचे, थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा काढायचे, असे पाच वेळा केले. चौथ्या वेळेला पाणी पिवळसर आले आणि पाचव्या वेळेला नितळ. शेवटचे पाणी मात्र डिस्टिल्ड वॉटर होते, कारण बोअरवेलच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि मग कितीही धुतले तरी त्या मोकळ्या होत नाहीत.

वरचा पाइप काढताना थर्मोस्टॅटचे घर उघडले तर आत थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडपच, नव्हता. पूर्वी कधीतरी गाडी गरम झाली तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काढून टाकला असणार. नवा आणला, त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. बसवण्याआधी त्याला दोऱ्याने बांधून जुन्या पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवले, शेजारी तापमापक धरला आणि खाली शेगडी लावली. ऐंशीच्या पुढे गेल्यावर पितळी झडप हळूहळू वर उचलली जाताना स्पष्ट दिसली, आणि पाणी निवू लागल्यावर ती तितक्याच सावकाश मिटली. बाजारातला नवा नगही कधी कधी खराब निघतो, त्यामुळे ही दहा मिनिटांची परीक्षा कुणीही टाळू नये.

रेडिएटरचे झाकणही बदलले. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटी आणि गॅस्केट दोन्ही एकत्र समजा. त्यावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढे किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढेपर्यंत ते बंद राहते, आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि दोष मात्र रेडिएटरला लागतो.

शेवटी दोन लिटर कूलंट आणि तेवढेच डिस्टिल्ड वॉटर मिसळून भरले, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहिलो. आत अडकलेली हवा निघाली नाही तर पाणी पूर्ण असूनही गाडी गरम होते. पंखा आपोआप दोनदा लागून बंद झाला, तेव्हाच झाकण लावले. खर्च असा: दोन होज पाइप ३८० रुपये, थर्मोस्टॅट गॅस्केटसह ३४०, झाकण १६०, कूलंट ७००, डिस्टिल्ड वॉटर १२०, नव्या क्लिपा ८०, एकूण १,७८० रुपये.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते. आणि काढलेले कूलंट अंगणात सांडू देऊ नका, कारण त्याची चव गोडसर असते, कुत्री-मांजरे आणि गुरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात.

आपापले अनुभव लिहावेत. ब्रेकचे काम मी अजून हाती घेतलेले नाही, त्याबद्दल विशेष मार्गदर्शन हवे आहे.

टी_पाना

फार उपयुक्त धागा आहे, परंतु थर्मोस्टॅटबद्दल एक शंका मांडतो. आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. ज्या मिस्त्रींकडे मी वीस-पंचवीस वर्षे गाडी देतो, ते सरसकट थर्मोस्टॅट काढून ठेवतात आणि म्हणतात की ही वस्तू थंड देशांसाठी आहे. माझी गाडी त्याशिवाय कधी गरम झाली नाही. मग तो पुन्हा बसवण्याचा आग्रह का?

मीटर_आणि_तार

टी_पाना, आपल्या मिस्त्रींचा अनुभव मोठा आहे आणि कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत त्यांची युक्ती निभावूनही जात असे. पण इंजेक्शनच्या गाडीत संगणक तापमानाच्या सेन्सरवरून पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन आपल्या ठरलेल्या तापमानाला उशिरा पोहोचते, विशेषतः सकाळी आणि पावसाळ्यात, आणि तोवर संगणक ते थंडच आहे असे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, प्लग काळे होतात आणि सरासरी (लिटरमागे किलोमीटर) घसरते. शिवाय इंजिन पुरेसे तापले नाही तर ऑइलमध्ये जमणारा ओलावा उडून जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर मलई दिसते ती बरेचदा हीच असते. उघडलेला थर्मोस्टॅट पाणी अडवत नाही, त्यामुळे ४३ अंशांच्या उन्हातही त्याने गाडी गरम होण्याचे कारण नाही. तो मिटलेल्या अवस्थेत अडकला तर मात्र गाडी गरम होते, आणि त्यावर उपाय नवा थर्मोस्टॅट हाच आहे.

माझ्याकडून एक भर घालतो, ती विजेसंबंधी. जुन्या गाडीत सेल्फ मारल्यावर नुसता टक् आवाज येतो, तेव्हा आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ. माझ्या झेनच्या बाबतीत एका गॅरेजने सेल्फ बदलण्याचे साडेचार हजार सांगितले होते. मी घरी आणून चारशे रुपयांचा मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली आणि पत्नीला चावी फिरवायला सांगितली. या दोन जागांमध्ये फरक जवळजवळ शून्य असायला हवा, मीटरने १.९ व्होल्ट दाखवले. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती. ती काढली, वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजले तर ०.१५ व्होल्ट. सेल्फ आजही तोच आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटरचा बेल्ट, जोडण्या आणि मग अल्टरनेटर या क्रमाने पाहावे. मोजल्याशिवाय पार्ट विकत घेणे हीच जुन्या गाडीवरची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे.

वेंगुर्ला_किनारा

जांभा_अंगण, ब्रेकबद्दल लिहिते. गेली सहा वर्षे आमच्या ८०० चे ब्रेक मी घरीच करते.

सुरुवात मागच्या चाकांपासून करा, कारण तिथे ड्रम असल्यामुळे बिघाड झाकलेला राहतो. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या दिसतील. टोपीची कड नखाने अलगद उलटून पाहा. आत कोरडे असेल तर ठीक. ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे आणि ते तेल आज ना उद्या शूवर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, जाणार. मी असा सिलिंडर आता दुरुस्त करत नाही, जोडीने नवेच बसवते. ड्रममधली काळी पूड तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे. ते पाणी शोषते, हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो असे मानक सांगते. घाट उतरताना डिस्क तापते, त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल एकदम तळाला जाते. आपण कुंभार्ली उतरता, म्हणून हे अधिक आवर्जून सांगते. चढताना गाडी बंद पडली तर रस्त्याकडेला उभी राहता येते, उतरताना ब्रेक गेले तर ती संधी मिळत नाही.

जुने ऑइल आणि हवा काढायच्या आदल्या दिवशी चारही निपलांवर (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरच्या, ऑइल बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूंवर) गंज सुटण्याचे तेल मारून ठेवा, कारण खाऱ्या हवेत निपल अडकतात आणि जोर केला की तुटतात. निपलवर ८ नंबरचा रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेले. माझा भाचा पेडलवर बसतो. मी "दाब" म्हटले की तो सावकाश दाबतो, "धरून ठेव" म्हटले की धरतो, तेवढ्यात मी निपल अर्धा फेर उघडून पुन्हा बंद करते, आणि त्यानंतरच "सोड" म्हणते. निपल उघडा असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते. सगळे कसब या तीन शब्दांत आहे. नळीतून आधी तपकिरी, मग फिकट आणि शेवटी स्वच्छ ऑइल बुडबुड्यांशिवाय आले की ते चाक झाले. बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी मात्र एका क्षणासाठीही तळाला जाऊ देऊ नका. चाकांचा क्रम आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या.

ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि त्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकून थेंबभरही जाता कामा नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून सर्व बदलावे लागते. काम झाल्यावर आधी अंगणात, मग निर्मनुष्य सपाट रस्त्यावर, आणि त्यानंतरच घाटात.

सह्यकडा

वरील सर्व माहिती उत्तम आहे, तरीही नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी एक मर्यादा सांगावीशी वाटते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. कोकणातल्या अंगणात जांभ्याची माती पावसानंतर मऊ असते, जॅकचा पाया त्यात रुततो आणि गाडी घसरते. जॅकखाली दीड इंची जाड फळी, गाडीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड आणि उलट्या बाजूच्या चाकांना दगड, हे तिन्ही झाल्याशिवाय डोके आत घालू नये. स्टँडची जोडी दीड-दोन हजारांत मिळते आणि ती जन्मभर पुरते.

टायमिंग बेल्ट, क्लच आणि शॉकअपची स्प्रिंग ही कामे मी स्वतः घरी करत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. परंतु टायमिंग बेल्ट मी स्वतः विकत घेऊन मिस्त्रींना देतो आणि बसवताना शेजारी उभा राहतो. गाडी कमी चालत असेल तर बेल्टचे किलोमीटर मोजून उपयोग नाही, वर्षे मोजावीत. पैसे वाचवायचे असतील तर दाराचे हँडल, काचेची मशीन, मागचा दिवा, स्टेपनीची रिम या गोष्टी भंगारवाल्याकडून खुशाल घ्या. ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड आणि बेल्ट मात्र नवे आणि अस्सलच घ्यावेत. पुण्यात नाना पेठेत चार दुकाने फिरलात तर एकाच अस्सल पार्टच्या किमतीतही फरक सापडतो.

उद्यमनगर_लेथ

मी कोल्हापूरचा, गाडी १९९६ ची कार्बोरेटरवाली ८००. रबराचा विषय निघाला आहे तर पेट्रोलच्या पाइपांकडे कुणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासून ते बनते आणि शेतकऱ्याच्या घरचा म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण १९९६ साली पाइप आणि गॅस्केट बनवणाऱ्यांनी हे इंधन गृहीत धरलेले नव्हते. माझा टाकीपासून फिल्टरपर्यंतचा रबरी पाइप वरून चांगला दिसत होता. वाकवून पाहिला तर आतून सुटलेले काळे कण बाहेर आले, आणि तेच कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकून गाडी चालता चालता दम तोडत होती. दोन वेळा कार्बोरेटर साफ करून घेतल्यावर मला मूळ कारण सापडले. पाइप घेताना त्यावर जे३० आर९ ही छाप पाहून घ्या. इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचा हा पाइप इथेनॉललाही चांगले तोंड देतो. मीटरमागे पैसे जास्त पडतात, पण लागतो जेमतेम दोन मीटर.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात साधारण सात टक्क्यांचा फरक पडतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर संगणक ते जुळवून घेतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याचे जेट ठरलेले तेवढेच इंधन देते आणि मिश्रण पातळ होते. मी आयडलचा मिक्श्चर स्क्रू किंचित उघडून घेतला आणि सकाळची कुरबुर थांबली, मात्र नंतर पीयूसी केंद्रावर तपासूनच तो तसा ठेवला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचे पाणी इथेनॉल ओढून घेते आणि प्रमाण वाढले की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीला गंज लागतो तो तिथूनच.

कागद_पत्रे

एक छोटी पण आवश्यक भर. यंत्र कितीही चांगले ठेवले तरी पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्यासाठी फॉर्म २५ लागतो आणि मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० केले. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा आहे. ही रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावी. तपासणीत दिवे, हॉर्न, हँडब्रेक, टायर आणि खालचा पत्रा पाहिला जातो, त्यामुळे गंजाचे काम त्याआधी उरकून घ्यावे.

जांभा_अंगण (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्ला_किनारा, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी मागचे ड्रम उघडले. उजव्या बाजूची टोपी उलटताच नखाला ओल लागली. डावी कोरडी होती, तरी दोन्ही सिलिंडर बदलले. बाटलीत उतरलेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. धाकटी मुलगी पेडलवर होती आणि तिसऱ्या चाकापर्यंत "सोड" म्हणण्याची वाट पाहायला ती अचूक शिकली. पेडल आता वरच्या वर घट्ट लागते. सिलिंडरची जोडी आणि ऑइल मिळून ९६० रुपये लागले.

सह्यकडा, फळी घातली होती. पाऊस आदल्याच दिवशी झाला होता आणि फळीसुद्धा बोटभर रुतली, त्यामुळे आपला इशारा किती मोलाचा आहे ते डोळ्यांनी पाहिले.

कागद_पत्रे, गंजाबद्दल आपण लिहिल्यावर दारांच्या खालच्या कडेची पाणी निचरायची भोके तपासली. चारही दारांची मातीने बुजलेली होती. सायकलच्या आऱ्याने मोकळी केली तेव्हा चालकाच्या दारातून पाव तांब्याएवढे पाणी गळाले. तिथला पत्रा आतून खाल्लेला आहे की नाही हे ट्रिम (दाराचे आतले आवरण) उघडून पाहतो आणि छायाचित्रे इथेच टाकतो.

मीटर_आणि_तार

ट्रिम उघडालच, तर आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, तोच आतल्या पुठ्ठ्याला पाण्यापासून वाचवतो. गंज सापडला तर लांबी भरण्याची घाई करू नका. आधी चमकता पत्रा लागेपर्यंत घासा, खोलगट जागी रस्ट कन्व्हर्टर लावा, मग रेड ऑक्साइड, आणि पूर्ण वाळल्यावरच वरचा रंग. पावसाळ्याच्या हवेत रेड ऑक्साइडला दोन दिवस द्या.